पेटीची खंडेनवमी

अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅशबर्नमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जगभरच्या लोकांचे फोटो नि कागद साठवणारी डेटा सेंटरं उभी आहेत. त्यातल्याच एकात मी नोकरी करते. आमचे शेजारी अनिलकाका सबनीस यांनी मात्र आपला एक फोटोही कधी तसल्या ठिकाणी ठेवला नाही. "स्वतःचं घर असताना सामान लोकांकडे कशाला?" म्हणायचे. काका टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. तळघरात त्यांनी स्वतःचा सर्व्हर मांडला होता. बुटाच्या खोक्याएवढी काळी पेटी, आणि घरातले सगळे फोटो, पत्रं, कागद तिच्यात. काकांचं तोंड दुधानं कधी पोळलं नव्हतं, तरी ते ताक फुंकूनच प्यायचे. वीज गेली तर म्हणून पेटीला बॅटरी, फोटोंची एक नक्कल नागपूरला बहिणीकडे आणि सगळ्यावर एक लांबलचक पासवर्ड. तो कुणाला सांगायचा नाही, लिहायचा तर मुळीच नाही, हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्याकडे चहाला जायचं टाळायचे.

दोन वर्षांपूर्वी काका विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ते, मग माणसं. पद्मिनीकाकूंनी त्यावर आपल्यापुरता उपाय काढला. रोज नाश्त्यानंतर टॅबवर पेटीतले फोटो लावायचे आणि दोघांनी नावं घ्यायची. ही उत्तरा, आपली मुलगी, शाळेचा पहिला दिवस. हा संजय, तुमचा धाकटा भाऊ. ही मी, लग्नातली. काका एकेक नाव पकडायचे आणि संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी घरातलेच असायचे. फोटो चुकले की दिवसभर पाहुण्यासारखे सोफ्याच्या कडेला बसून राहायचे.

यंदा खंडेनवमीला पेटीची पूजा काकूंनी केली. एरवी काका करायचे, म्हणजे चालू पेटीवर एक फूल ठेवून मोकळे व्हायचे. काकूंना ते कधीच पटलं नव्हतं. हत्यार पुसल्याशिवाय पूजा कसली? करंट लागू नये म्हणून त्यांनी पेटी बंद केली, बॅटरीही काढली. पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडू ठेवला. पूजेतली हत्यारं त्या दिवशी वापरायची नसतात, म्हणून पेटी तशीच राहू दिली.

दसऱ्याच्या सकाळी त्यांचा फोन आला. "वैदेही, जरा येतेस? पेटी रुसलीय गं."

पेटीला मॉनिटर जोडला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ. पासवर्ड द्या.

"काकू, ही चालू होती तोवर उघडीच होती. बंद केली की आपोआप लॉक होते."

"मग उघड ना. तू तर हेच काम करतेस."

"पासवर्डशिवाय मलाच काय, कुणालाच येणार नाही. काकांनी मुद्दाम तसं सेट केलंय."

"चोराला येऊ नये, ते कळलं. पण मला का येऊ नये?"

नागपूरच्या नकलेला तेच कुलूप होतं. लग्नाची तारीख, उत्तराचं नाव, जुन्या घराचा नंबर, सगळं घालून पाहिलं. देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून, बॉथेलहून, उत्तराचा फोन आला. "आई, जस्ट आस्क बाबा," ती म्हणाली. मग तिचं तिलाच उमगलं असावं, कारण "सॉरी" म्हणून तिनं फोन ठेवला.

मला काकांचा रागच आला. जगभरच्या चोरांचा विचार केला आणि घरातलं माणूस विसरले. काकू दसऱ्याच्या साडीत तळघराच्या पायरीवर बसल्या होत्या. "चव्वेचाळीस वर्षं झाली. एवढा एक शब्द सांगण्याइतकासुद्धा माझा भरवसा नव्हता का गं?" रागवावं की रडावं, त्यांना कळत नव्हतं. मलाही नाही.

शेवटी काकांनाच खाली आणलं. विचारू नका, नुसता कीबोर्ड समोर ठेवू, बोटांना आठवत असेल, असं मी म्हटलं. काकांनी चष्मा सारखा केला, बोटं ठेवली आणि भराभर काहीतरी टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं, ते वेगळंच होतं. तिसऱ्यांदा बोटं मधेच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या काकूंकडे, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला उगाच ताटकळत ठेवलं. मला काही आठवत नाहीये. तुम्ही असं करा, माझ्या मिसेसना विचारा. पद्मिनीला. तिच्यापासून मी काही लपवत नाही."

काकूंनी काकांच्या हातावर हात ठेवला.

"बरं," त्या म्हणाल्या. "विचारते तिला."