साडेदहाच्या आतला स्लॅब

काचीगुड्याच्या त्या गल्लीत एकादशी कधी, चतुर्थीला चंद्र किती वाजता, हे विचारायचं झालं की लोक कॅलेंडर बघत नाहीत, सत्यवतीबाईंचं दार वाजवतात. देवपूजा आटोपली की बाई चष्मा लावून पंचांग उघडतात आणि मगच त्यांचा दिवस सुरू होतो. अशा बाईच्या पोटी निशिगंधा आली आणि तिला वेड कशाचं, तर विटांचं! शेजारी घर बांधत होते तेव्हा ही सहा वर्षांची पोर दिवसभर मेस्त्रीपाशी बसलेली. जेवायला ओढून आणावी लागायची.

तिच्या वडिलांना, अंबाजींना, वाटायचं की पोरीनं आपल्यासारखं रेल्वेच्या ऑफिसात चिकटावं, पंख्याखाली बसावं. तिनं सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग नोकरी करत करत डिग्री. आबिड्सच्या एका कंपनीत लागली खरी, पण चार वर्षं टेबलावरच. नकाशे नीट कर, बिलं तपास. साइट मागितली की तिचे साहेब, श्रीकांत, म्हणायचे, "मॅडम, साइटवर बाथरूम नसतं."

एक दिवस ती म्हणाली, "सर, बांधणारे आपणच ना? आधी तेच बांधू."

साहेबांनी फाइल तिच्यापुढं सरकवली, आणि मलकपेठेतली पाच मजली इमारत निशिगंधाच्या हाती आली. तिथं पहिलं उभं राहिलं ते पत्र्याचं बाथरूम. पालमूरकडच्या मजूर बायकांनी त्याला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवलं.

इमारत केशवरावांची. त्यांची बायको सत्यवतीबाईंच्या भजनातली, त्यामुळे पहिल्या स्लॅबचा मुहूर्त बाईंकडूनच काढून घेतला. शुक्रवार, साडेदहाच्या आत. साडेदहाला राहुकाळ लागतो, तो बारापर्यंत.

त्या दिवशी बाई नारळ आणि शिऱ्याचा मोठा डबा घेऊन साइटवर हजर. पूजा झाली, सगळे तयार. पण नऊला यायची ती काँक्रीटची गाडी आली दहा वाजून पाच मिनिटांनी. केशवरावांनी घाईघाईनं नारळ उचलला.

"थांबा काका," निशिगंधा म्हणाली. "आधी तपासते."

उमाजी मेस्त्रीनं बिनबुडाचा एक लोखंडी शंकू पत्र्यावर धरला. त्यात गाडीतलं काँक्रीट भरलं, सळईनं ठोसून ठोसून, आणि शंकू अलगद वर उचलला. ढीग अर्ध्यापर्यंत बसला असता तर चाललं असतं. हा कढीसारखा पसरला.

"हे तं ताक झालं, बाई," उमाजी पुटपुटला.

ड्रायव्हर खाली उतरला. "ट्राफिक में फसा था मॅडम. माल घट्ट होरा था, जरा पानी मारे. कुछ नै होता."

"नक्को. वापस ले जाओ."

"अगं पोरी, वापस काय?" केशवराव ओरडलेच. "साडेदहा वाजायला आले! माझ्या घराचा पहिला स्लॅब, अन् तू राहुकाळात घालतीस?"

"राहुकाळात नाही काका, बारानंतर. दुसरी गाडी मागवते. या मालात घातला तर तुमच्या नातवंडांच्या डोक्यावर कच्चा स्लॅब राहील."

केशवरावांनी थेट श्रीकांतसाहेबांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. आवाज बाजूच्यांनाही ऐकू येत होता. "मॅडम, मालक नाराज झाले तर सोमवारपासून ऑफिसला या. तुमचं टेबल रिकामंच आहे."

निशिगंधाचा चेहरा उतरला. पण ती गाडीसमोरून हलली नाही.

"सत्यवतीबाई, तुम्हीच सांगा तिला," केशवराव वळले. "मुहूर्त तुमचाच हाय."

बाईंनी हातातला डबा खाली ठेवला. मुहूर्त चुकला तर त्याचा दोष पोरीच्या पहिल्याच कामाला लागणार, आणि नाही चुकवला तरी... 'घे गं निशी, पाणीच तर जास्त झालंय' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण तेवढ्यात त्यांची नजर पत्र्यावर गेली. पळीवाढं काय आणि पातळ काय, हे चाळीस वर्षं चुलीपुढं उभ्या राहिलेल्या बाईला कुणी सांगायला नको.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "औंदा महालक्ष्म्यांच्या जेवणाला माझी खीर नासली. आरतीचं तबक हातात. तुमची मिसेस होती की तिथं, विचारा तिला. नासलेली वाढली का मी पुढ्यात? पुन्हा दूध आणलं, पुन्हा शिजवली. महालक्ष्म्या तासभर थांबल्या. त्या थांबतात, आणि तुमचा स्लॅब थांबायचा नाही?"

कोणीतरी मजूर बाई फिस्सकन हसली. केशवरावांनी नारळ पिशवीत घातला आणि ते जाऊन मोटारीत बसले.

बारा वाजून दहा मिनिटांनी नवी गाडी आली. शंकू उचलला, ढीग हवा तेवढाच बसला. नारळ फुटला. संध्याकाळपर्यंत स्लॅब चालला, आणि सत्यवतीबाई विटांच्या थप्पीवर तशाच बसून.

"आई, काही खाल्लंस का? उपास धरलास की काय माझ्यासाठी?"

"शुक्रवार आहे. तुझ्यासाठी कशाला धरू?" बाई म्हणाल्या. शुक्रवारी एरवी त्या दुपारी शाबुदाणा खातात, हे निशिगंधाला ठाऊक होतं.

शनिवार-रविवार केशवरावांचा आवाज नाही. सोमवारी सकाळी बाई ओट्याशी अडून राहिल्या. डबा कोणता भरावा? ऑफिसचा एका खणाचा, की साइटचा तीन खणांचा, ज्यातलं निम्मं उमाजी आणि मजूर बायका खातात?

दार वाजलं. केशवराव! चप्पल न काढता उंबऱ्यापाशीच उभे.

"दुसऱ्या स्लॅबचा मुहूर्त काढा," ते म्हणाले. चेहरा अजून फुगलेलाच. "पण बाई, जरा लंबा काढा. तुमची पोरगी गाड्या वापस पाठवती."

"आणि ते टेबल?"

"कसलं टेबल? तिथं बसवा म्हणलं साहेबाला दुसऱ्या कुणाला. माझ्या घरावर हीच पाहिजे."

बाईंनी चष्मा लावला, पंचांग उघडलं, आणि आत हाक मारली, "निशी, तुमची गाडी जास्तीत जास्त किती उशीर करते गं?"

"दीड तास धर, आई!"

"दोन धरते," बाई म्हणाल्या आणि तीन खणांचा डबा फळीवरून काढला.