वनमानुष कोणाला म्हणायचं

माझ्या मुलीला अकोल्याच्या कॉलेजात, भर गॅदरिंगमध्ये, ‘वनमानुष’ म्हटलं गेलं. म्हटलं गेलं असं लिहिते, कारण कोण म्हणालं ते आजतागायत कोणी सांगायला तयार नाही. फिशपॉन्डची रीतच तशी. ज्याची टिंगल करायची त्याच्यावर एक ओळ लिहायची, खाली नाव घालायचं नाही आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मग ती माइकवरून वाचतात आणि ज्याच्यावर असेल त्याने उभं राहून हसायचं. नाही हसला तर तो खिलाडू वृत्तीचा नाही!

चिठ्ठी अशी होती: ‘मेळघाटातून वाट चुकून आलेली वनमानुष.’ माझी मुलगी उभी राहिली. हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती अमरावतीला घरी आली आणि म्हणाली, “आई, मले नाही शिकायचं तिथं.”

आम्ही कोरकू, मेळघाटातले आदिवासी. माझे वडील धारणीकडचे. माझं मात्र जन्म, शाळा, नोकरी सगळं अमरावतीत. मी हायस्कूलला मराठी शिकवते. मुलीने मेळघाट पाहिला तो सुट्टीत, पाहुण्यासारखा. पण लोकांना रंग आणि आडनाव पुरतं.

सोमवारी तिला घेऊन अकोला गाठलं. एवढंच ठरलं होतं की भांडणार मी, आणि होस्टेलवरचं सामान परत आणायचं की नाही ते तिने ठरवायचं.

गॅदरिंगचं काम पाहणारे प्राध्यापक स्टाफरूममध्ये चहा पीत होते. माझं ऐकून घेऊन म्हणाले, “मॅडम, फिशपॉन्ड आहे न तो. मनावर काहून घेता? अन् शब्द पाहाल तर त्यात वाईट काय? वन म्हणजे जंगल, मानुष म्हणजे माणूस.”

मला अर्थ शिकवत होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सर, शब्द फोडून दाखवण्याचाच मला पगार मिळतो. पण मराठीत वनमानुष माणसाला म्हणत नाहीत, गोरिला-चिंपांझीला म्हणतात. ओरांगउटान हा मलय भाषेतला शब्द, त्याचाही अर्थ हाच, जंगलातला माणूस. तो आधी तिथल्या रानातल्या माणसांनाच लावत, वानराला मागाहून चिकटला, असंही सांगतात. म्हणजे कुठेही जा, रानातला माणूस आणि रानातलं वानर लोक एकाच दावणीला बांधतात. आणि कोरकू या शब्दाचा अर्थ तुम्हाला ठाऊक आहे का? कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की माणसं. आम्ही स्वतःला नुसतं माणसं म्हणत आलो. त्याच्यापुढे ‘वन’ तुम्ही लावलंत.

“वा!” सर म्हणाले. “छान माहिती आहे. येत्या आदिवासी दिनाले या न मॅडम, व्याख्यान ठेवू.”

इतकं तोंड वाजवून मला मिळालं काय, तर शाल-श्रीफळाचं आमंत्रण. वर सर बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवत होते.

मग आपलीच बाजू सावरायला ते म्हणाले, “अन् आमी काहीबी वाचू देत नाही, मॅडम. डबा उघडला का एकेक चिठ्ठी मी सोता पाहतो. घाणेरडं असन, कोणाच्या मनाले लागन असं असन, ते सारं फाडून फेकतो.”

इतका वेळ दाराशी उभी असलेली माझी मुलगी पुढे आली.

“मंग माह्यावाली चिठ्ठी तुमी वाचली होती, सर?”

“वाचली न.”

“वाचून तुमाले हसू आलं?”

“तशी मजेदार होती,” सर म्हणाले, “म्हणून तर ठेवली.”

बोलून गेल्यावर त्यांना कळलं. शेजारी पेपर तपासणाऱ्या बाईंनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. सरांनी चहाचा कप उचलला. माफीचा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, चल, होस्टेलवरून सामान घेऊ, असल्या ठिकाणी एक दिवस राहायचं नाही. तिने हात सोडवून घेतला. रडवेली झाली होती, पण आवाज चढलेला होता.

“फेकायची चिठ्ठी ठेवली त्याइनं, अन् कॉलेज मी सोडू?”