न्यूट्रिनो आणि हुरड्याची पहिली मूठ

माझे व्याही, म्हणजे सुनेचे वडील, सोलापुरात कॉलेजात विज्ञान शिकवायचे. गेल्या थंडीत ते मंद्रूपच्या माझ्या रानात हुरड्याला आले. आगटीभोवती सगळी भावकी बसलेली. ते सांगू लागले, न्यूट्रिनो नावाचे कण सूर्यातून येतात आणि अगणित संख्येनं आपल्या अंगातून आरपार जातात. मी चौथी शिकलेला. विचारलं, मग अंगाला भोकं कशी पडत न्हाईत? ते पोट धरून हसले. म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही आपला हुरडा भाजा." भावकीही हसली. माझ्याच रानात, माझ्याच गोवऱ्यांच्या धगीवर.

वर्षभर ते सलत होतं. कॉलेजात जाणाऱ्या नातीला पकडून विचारलं. ती म्हणाली, न्यूट्रिनोवर वीजभारच नसतो, म्हणून इलेक्ट्रॉन त्याला ओढत नाहीत की ढकलत नाहीत. त्याला लागू पडतं ते दुबळं बल, आणि ते अगदी खेटल्याशिवाय चालत नाही. म्हणून तो निघून जातो. क्वचित एखादा अणूच्या गाभ्यातल्या न्यूट्रॉनवर आदळतो. मग न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि न्यूट्रिनोच्या जागी इलेक्ट्रॉन बाहेर पडतो.

"म्हंजे दोघंबी पयल्यासारखं ऱ्हात न्हाईत?"

"नाही राहत, आबा."

मला तेवढं बास होतं.

यंदा व्याह्यांना मीच आग्रहानं बोलावलं. आमच्यात पहिली गरम मूठ व्याह्यांची. कणीस चोळायचं, फोलपट फुंकायचं आणि दाणे त्यांच्या ओंजळीत घालायचे. तळहात लई भाजतात, पण तो मान असतो. मूठ घेऊन मी गेलो, त्यांनी ओंजळ पुढं केली, आणि मी थांबलोच नाही. पलीकडं चुलतभावाला दिली. दुसरी मूठ तशीच नेली, तिसरीही. व्याही पुढ्यात शेंगाचटणी घेऊन बसलेले. सुनेनं डोळे वटारले, मी तिकडं लक्षच दिलं नाही.

चौथ्या मुठीला त्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, मी दिसत नाही का?"

"दिसताय की. पर ह्यो न्यूट्रिनो हाय, आरपार जातोय. भोक पडलं का बघा."

कुणी हसलं नाही. ते काडीनं आगटीतली राख उकरत राहिले, मी मूठ आवळून उभा. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "त्या दिवशी मी हसायला नको होतं."

आदळला न्यूट्रिनो, म्हणलं. मूठ त्यांच्या ओंजळीत उघडली. दाणे तोवर गार पडलेले, ते मला ठाऊक होतं. गरम कणसं आगटीत होती, ती काढली नाहीत. त्यांनी तो गार हुरडा निमूट चावून खाल्ला. मी आपला हुरडा भाजत बसलो.