चौथ्या शनिवारचे गायकवाड साहेब

श्री. काशिनाथ गायकवाड साहेबांची आणि माझी पहिली ओळख झाली ती माझ्या चारचौघांतल्या फजितीने. एकसष्टीच्या गौरवग्रंथात असे वाक्य शोभत नाही, हे मला कळते. पण खोटे कौतुक छापाल तर ग्रंथ घरात घेणार नाही, असे साहेबांनीच संपादक मंडळाला बजावून ठेवले आहे. त्यामुळे माझा नाइलाज आहे.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी वीज मंडळात कनिष्ठ अभियंता म्हणून घोडेगावला रुजू झाले. साहेब तेव्हा आमच्या उपविभागाचे प्रमुख होते. थोड्याच दिवसांत त्यांचा निरोप आला, ‘चौथ्या शनिवारी शिनोलीच्या शाळेत या. कामाची माणसे भेटतील.’ चौथा शनिवार म्हणजे सुट्टीचा दिवस. सुट्टीच्या दिवशी वरिष्ठ बोलावतात त्या अर्थी चौकशीच असणार, असे धरून मी कडक इस्त्रीची साडी नेसले आणि शाखेची सगळी माहिती तोंडपाठ करून गेले.

शाळेच्या एका वर्गात बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या होत्या. लाइनमन होते, मोटार रिवायंडिंगवाले होते, पंपांचे आणि जनरेटरचे दुकानदार होते. गोबरगॅसच्या टाक्या बांधणारे गवंडी, धरणाखालच्या वीजघरातले ऑपरेटर, घाटघरकडच्या वाड्यांवर सौरदिवे बसवणारे एक गृहस्थ, सगळे मांडी घालून बसले होते. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत विजेवर आणि इंधनावर ज्यांचे पोट चालते, अशी बहुतेक माणसे त्या वर्गात होती. मी नाव आणि पदवी सांगायला उभी राहिले, तोच साहेब म्हणाले, “मॅडम, थांबा. इथे आपली ओळख आपण करून द्यायची नसते. ज्याची तुमच्याबद्दल तक्रार आहे, तो करून देईल.”

मला येऊन महिनाही झाला नव्हता. माझ्याबद्दल कुणाची काय तक्रार असणार? पण शिनोलीचे रिवायंडिंगवाले बबनराव उठलेच.

“ह्या आपल्या नव्या मॅडम. घोडेगावच्या हापिसात बसत्यात. सोमवारी मी तिथं बाकावर बसून व्हतो, पण वर बघून ‘कोण पायजे’ म्हून इचारलं न्हाई यांनी. बाकी लई हुशार हायेत म्हनत्यात.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, “आता तुम्ही बबनरावांची ओळख करून द्या.” मी तावातावाने म्हणाले, “हे बबनराव. मी जळालेल्या ट्रान्सफॉर्मरसाठी पुण्याशी फोनवर भांडत होते, तेव्हा हे ऑफिसात बसून विडी ओढत होते.” बबनरावांनी मान डोलावली. “ह्ये बी खरं हाय,” म्हणाले आणि सरकून मला सतरंजीवर जागा करून दिली.

त्या सोमवारी चूक माझी नव्हती, असे माझे आजही मत आहे. पण त्यानंतर बबनराव ऑफिसात आले की थेट माझ्या टेबलाशी यायचे, आणि कोणत्या गावात कमी दाबामुळे मोटारी जळताहेत हे मला कागद येण्याच्या आधी कळायचे. माझी निम्मी नोकरी त्या ओळखीवर सुखाची झाली.

ही बैठक साहेबांनी का सुरू केली, हे त्यांच्याच तोंडून ऐकलेले आहे. दर रब्बीला ट्रान्सफॉर्मर जळायचे. शेतकरी लाइनमनला शिव्या द्यायचे, लाइनमन पंपवाल्यांच्या नावाने बोटे मोडायचे, पंपवाले मंडळाला नावे ठेवायचे, आणि मंडळ सगळ्यांना वीजचोर, आकडेबहाद्दर म्हणून मोकळे व्हायचे. प्रत्येक जण दुसऱ्याबद्दल तिसऱ्याशी बोलत होता. साहेबांनी ठरवले की हे सगळे तोंडावर बोलायचे, आणि तेही ओळख करून देताना, म्हणजे बोलणाऱ्याला समोरच्याचे नाव आणि त्याचे चांगलेही सांगावे लागते.

या रीतीचे मूळ आणखी खोल आहे. साहेब मूळचे डिंगोऱ्याचे, धर्मांतरानंतरच्या पहिल्या पिढीतले. एकदा जुन्नरहून परतताना मी विचारले, तेव्हा ते गाडीच्या काचेबाहेर पाहत म्हणाले, “आम्ही शाळेत पाऊल ठेवायच्या आधीच आमची ओळख तिथे पोहोचलेली असायची, मॅडम. कुणी काय सांगितलेय ते आम्हाला कधी कळायचे नाही. माझ्याबद्दल काय बोलायचे ते माझ्यासमोर बोला, एवढे एकच मला लहानपणी हवे होते.” पुढे ते याविषयी कधी बोलले नाहीत, मीही विचारले नाही.

बैठकीत व्यासपीठ नव्हते, प्रमुख पाहुणे नव्हते, हारतुरे नव्हते. एकदा पंपांच्या एका मोठ्या कंपनीचे अधिकारी आले आणि स्वतःसाठी खुर्ची शोधू लागले. साहेबांनी अदबीने त्यांना आपल्या शेजारी सतरंजीवर बसवले आणि त्यांची ओळख करून द्यायला एका गवंड्याला उभे केले, कारण त्याच्या विहिरीवर त्याच कंपनीचा पंप बंद पडून होता. ते अधिकारी पुढच्या महिन्यात मेकॅनिक घेऊन आले आणि न सांगता खाली बसले.

साहेबांच्या कनवाळूपणाचे एकच उदाहरण देते. माझी मुलगी तान्ही असताना मी बैठकीला यायचे बंद केले. साहेबांनी कारण विचारले नाही. पुढच्या वेळी निरोप आला की बैठक आता दुपारऐवजी सकाळी भरेल, आणि त्यांच्या पत्नी सुमनताई शेजारच्या वर्गात पाळणा बांधून बसणार आहेत. मी संकोचाने नाही म्हणाले, तर सुमनताईच घरी आल्या. “तुमच्या सायबांना महिन्यातनं एकदा तरी मला कुठं न्यायचं सुचलंय. मोडता घालू नका,” म्हणाल्या. माझी लेक त्या वर्गात रांगायला शिकली.

आता जे लिहायचे आहे, ते लिहू की नको असा विचार मी बरेच दिवस केला. पण ते गाळले तर साहेब कोण आहेत, हे सांगितलेच नाही असे होईल.

दोन हजारनंतरची ती भारनियमनाची वर्षे आठवा. वीज कधी यायची याचाच नेम नसायचा आणि दुकानादुकानांपुढे, मंगल कार्यालयांमागे जनरेटर धडधडायचे. जुन्नरचे हरिभाऊ हे आमच्या बैठकीतले जुने सभासद. जनरेटर विकायचा आणि बसवून द्यायचा हा त्यांचा धंदा तेव्हा जोरात होता. मंडळाची वीज आणि जनरेटरची वीज एकत्र येऊ नये म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच बसवावा लागतो. एका मंगल कार्यालयातले लग्न तोंडावर आले होते. मालक घाई करत होते. हरिभाऊंनी स्विच नंतर बसवू म्हणून जनरेटरच्या वायरी सरळ बोर्डाला जोडून दिल्या.

लग्नाच्या दिवशी त्या भागातली लाइन दुरुस्तीसाठी बंद होती. आमच्या बैठकीतलेच लाइनमन शांतारामभाऊ रीतसर परवानगी घेऊन खांबावर चढले. खाली कार्यालयात कुणीतरी जनरेटर चालू केला. तो सप्लाय उलटा ट्रान्सफॉर्मरमध्ये गेला आणि तिथून वाढून वरच्या तारांत आला. शांतारामभाऊ वाचले, पण त्यांचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

साहेब दवाखान्यात रोज जात. वरच्या कार्यालयात चौकशी झाली, तेव्हा शांतारामभाऊंनी तारा जमिनीला जोडून न घेता काम केले, असा ठपका ठेवायची भाषा सुरू होती. चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारे अर्थिंग रॉडच उपविभागात पुरेसे नव्हते आणि त्याला प्रमुख म्हणून आपण जबाबदार आहोत, असे साहेबांनी तिथे स्वतः सांगितले. शांतारामभाऊंची नोकरी टिकली, त्यांना ऑफिसात काम मिळाले. साहेबांची बढती मात्र अडकली ती अडकलीच.

पण चौथा शनिवार मोडला. लाइनमन म्हणाले, हरिभाऊ असतील तिथे आम्ही येणार नाही. दुकानदार म्हणाले, एकट्या हरिभाऊंना कशाला बोल, सगळेच असे जोडतात. हे ऐकून तर लाइनमन आणखी भडकले. हरिभाऊंनी स्वतःच यायचे सोडले. महिन्यामागून महिने साहेब, बबनराव, मी आणि दोनतीन जण मोकळ्या सतरंज्यांवर बसून चहा पिऊन परत जायचो. गावोगाव जनरेटर तसेच जोडलेले होते, लाइनमन तसेच खांबांवर चढत होते, आणि जी माणसे एकमेकांना सांगून हे थांबवू शकली असती ती एकमेकांचे तोंड बघत नव्हती. दुसरा शांताराम कधी होईल याची मला धास्ती वाटायची. मी साहेबांना म्हणाले, “आता बंद करू या. उगीच शोभा होतेय.” ते म्हणाले, “सतरंजी मी घालणार. येणाऱ्याला जागा पाहिजे.”

मग एका शनिवारी शांतारामभाऊ आले. सदऱ्याची उजवी बाही दुमडून पिन लावलेली. त्यांनी सगळ्या लाइनमनना बरोबर आणले होते आणि हरिभाऊंनाही निरोप धाडला होता. हरिभाऊ दाराशीच बसले, मान खाली घालून. रीतीप्रमाणे आता शांतारामभाऊ हरिभाऊंची ओळख करून देणार, हे सगळ्यांना दिसत होते.

शांतारामभाऊ उठले. “हरिभाऊची वळख मी करून देनार न्हाई. त्यानं काय केलं त्ये त्याला ठावं हाय, त्याला झोप येत न्हाई ह्ये त्याच्या बायकूनं माझ्या बायकूला सांगितलंय. मला सायबांची वळख करून द्यायचीय. इतकी वर्सं आपन एकमेकांची दिली, सायबांची कुनीच दिली न्हाई.”

साहेब उभे राहिले. या बैठकीत ज्याची ओळख होते, त्याने उभे राहायचे असते.

“ह्ये गायकवाड सायेब. यांच्यासारखा मानूस मी पायला न्हाई. माझी नोकरी यांच्यामुळं हाय. पन मी यांच्याकडं रॉड मागितले व्हते. त्यांनी वर कळवलं आन् वाट बघितली. आमी बी वाट बघितली, आन् तवर तसंच चढत ऱ्हायलो. सायेब, तुमी एकदा बी म्हनला न्हाई की रॉड येईस्तोवर कुनी चढू नका. आन् आमी बी तुमाला बोललो न्हाई. सायेब चांगला हाय, त्याला कसं टोकायचं, आसं वाटलं आमाला.”

शांतारामभाऊ बसले. मला त्यांचा राग आला होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्या माणसाने तुमच्यासाठी स्वतःची बढती घालवली, त्याला भरल्या बैठकीत असे बोलायचे? मी बोलायला तोंड उघडले. साहेबांनी हातानेच मला थांबवले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “थांबवायचा अधिकार मला होता. मी वापरला नाही.”

सोमवारी सकाळी साहेबांनी हुकूम काढला. रॉड हातात असल्याशिवाय आमच्या उपविभागात कुणीही खांबाला हात लावायचा नाही. असलेले थोडे रॉड आळीपाळीने फिरू लागले, दुरुस्त्या रखडल्या. गावे अंधारात राहिली, ऑफिसावर मोर्चे आले, वरून फोन खणखणू लागले. पुढाऱ्यांनी बदलीची धमकी दिली. साहेब प्रत्येकाला तेच सांगत, “माणूस पडला तर मला चालणार नाही. उशीर झाला तर चालेल.” अखेर रॉड आले, सगळ्या शाखांना पुरतील एवढे.

आणि दुसऱ्या बाजूने, हरिभाऊ आपण विकलेल्या प्रत्येक जनरेटरवर पदरमोड करून स्विच बसवत सुटले. त्यांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर शांतारामभाऊ असायचे. हरिभाऊ स्विच बसवायचे आणि शांतारामभाऊ डाव्या हाताने खटका खालीवर करून बघायचे. दोघे वाटेत फारसे बोलत नसत, असे हरिभाऊ सांगतात. पण एका कामाला शांतारामभाऊ आले नाहीत असे झाले नाही. इतर दुकानदारांवरही मग लाजेकाजेस्तव स्विच बसवायची पाळी आली. साहेब निवृत्त होईपर्यंत आमच्या उपविभागात पुन्हा कुणाला तारेवर अपघात झाला नाही.

आमच्या खात्यात कार्यक्षम अधिकारी मी बरेच पाहिले, प्रामाणिकही पाहिले. आपल्याच माणसाने आपल्या चांगुलपणातली चूक दाखवली, तेव्हा ‘बरोबर आहे’ म्हणून सोमवारी कामाला लागलेला अधिकारी मी एकच पाहिला. चौथा शनिवार आजही भरतो. साहेब येतात, सतरंजीच्या कडेला बसतात.

या लेखासाठी मी गेल्या महिन्यात शांतारामभाऊंकडे गेले होते. त्यांचा थोरला मुलगा नुकताच लाइनमन म्हणून लागला आहे. ऐकून मी चपापले. म्हटले, “तुम्ही त्याला या कामाला कसे पाठवलेत?” शांतारामभाऊंना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले.

“त्याची आई न्हाईच म्हनत व्हती. मी त्याला आदी सायबांकडं धाडला. सायबांनी त्याला चार दिस बसवून घेतला, समदं इचारलं, आन् मंग मला म्हनले, ‘लावा.’ मंग लावला.”

त्यांच्या वतीने साहेबांना शुभेच्छा काय लिहू, असे मी विचारले.

“लिव्हा, पोरगं रिटायर होईस्तोवर सायबांनी धडधाकट ऱ्हावं. सांजच्याला घरी फोन करून इचारत्यात त्ये, पोरगं खाली उतरलं का म्हून.”

मला वेगळे काही मागायचे नाही. तो मुलगा अजून विशीत आहे.