तारेला हात लावायचा नाही

माझी धाकटी बहीण मोटारी दुरुस्त करते. तिच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, पण नीट जमेल असं वाटेना. म्हणून एका दिवसापुरतंच सांगतो.

त्या दिवशी एक टॅक्सीवाला तिसऱ्यांदा आला. मूत्रपिंड बिघडलेल्या चार रुग्णांना तो आठवड्यातून तीनदा दवाखान्यात नेई-आणी. गाडी वाटेत तीनदा बंद पडली होती. आता एकदा जरी थांबली तर दुसरा माणूस बघू, असं दवाखान्याने बजावलं होतं.

"ताई, बॅटरीची तारच आहे हो. बंद पडली की बॉनेट उघडून तार हलवतो, दहा मिनिटांत चालू होते."

"ते ऐकूनच मी दोनदा तार बदलली," बहीण म्हणाली. "माझंच चुकलं. तुमचं ऐकलं, गाडीचं ऐकलंच नाही."

संगणक जोडला; तो म्हणे सगळं ठीक. उभ्या गाडीत इंजिन तासभर बिनतक्रार चाललं. अंदाजाने एखादा भाग बदलून कुणीही मोकळं झालं असतं. ही हात पुसून गाडीत बसली.

"माझ्यासमोर बंद पडेपर्यंत हिला सोडत नाही. दादा, तूही बस मागे. वजन हवंय."

"चला, माझा काहीतरी उपयोग निघाला," मी म्हणालो.

पुलाच्या चढावर पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीत इंजिन गप्प झालं. गाडी कशीबशी कडेला लागली. टॅक्सीवाला सवयीने दार उघडू लागला.

"बसा खाली!"

"अहो, पण तार..."

"तारेला हात लावायचा नाही. बॉनेटही उघडायचं नाही."

वीस मिनिटं आम्ही घाम पुसत बसलो. तिने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. मग तिने बॉनेट उघडलं आणि इंजिनाच्या तळाशी असलेल्या, बोटाएवढ्या सेन्सरवर बाटलीतलं पाणी ओतलं. ठिणगी कधी पाडायची ते हा सांगतो, म्हणे. चर्र झालं. पुन्हा किल्ली, आणि गाडी एका झटक्यात चालू.

टॅक्सीवाला बघतच राहिला. "म्हणजे तार..."

"तार बिचारी चांगली आहे. हा तापला की संपावर जातो. तुम्ही बॉनेट उघडायचात, याला वारा लागायचा आणि शाबासकी तारेला!"

नवा सेन्सर बसल्याबरोबर त्याने दवाखान्याचा नंबर काढला. बहिणीने फोन खाली ठेवायला लावला.

"इतक्यात नाही. चढ बाकी आहे."

दहाव्या फेरीला मी म्हटलं, "अगं, पुरे आता."

"जुना सहाव्या फेरीत गेला. मी बारा करणार."

बारा केल्या. चढावरच इंजिन बंद केलं, बॉनेट न उघडता वीस मिनिटं थांबली, मग किल्ली फिरवली. गाडी लगेच चालू झाली.

"हं," ती म्हणाली, "आता सांगा त्यांना, उद्या येतो म्हणून."