कन्याकुमारी ते पांढरकवडा

कन्याकुमारी ते काश्मीर पायी जायचं, असं घरी सांगितलं तेव्हा बायकोनं भांडी घासता घासता विचारलं, "काहून?" मी म्हणालो, स्वतःला शोधायचंय. ती म्हणाली, "सापडलाच त घरी घेऊन या." माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोललो. या घरात माझा जीव गुदमरतो, परत येईन याची खात्री धरू नको, असंही बोललो. कापसाच्या जिनिंगमधली नोकरी आधीच सोडली होती. दुसऱ्या दिवशी निघालो.

तमिळनाडूत लोकांनी साधू समजून पाणी पाजलं. भाषा कळत नव्हती, त्यामुळे कोणी काही विचारत नव्हतं, आणि मला वाटलं, मन शांत होऊन राह्यलं. कसलं शांत अन् कसलं काय. दिवसभर पायाच्या फोडांचा नि मुक्कामाच्या जागेचाच विचार. आदिलाबाद येईपर्यंत कळून चुकलं की आत शोधण्यासारखं काही नाहीच. बावन्न वर्षांचा एक चिडका माणूस, बस. पण एवढं बोलून निघालेला माणूस अर्ध्यातून कोणत्या तोंडानं घरी जाणार? आमचं घाटंजी हायवेपासून आडबाजूला. बायकोनं एकदा "चला घरी" म्हटलं असतं तर मी निमूट गेलो असतो. तेवढ्यासाठीच पाटणबोरीहून फोन केला, उद्या पांढरकवड्याच्या बाहेर पोचतो म्हणून.

ती आली. आधी एसटीनं, मग ऑटोनं. ढाब्याच्या बाजेवर बसून डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. "पाय दाखवा," म्हणाली. पाहिले, आणि पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून दिली. रागावली नाही. मला त्याचीच भीती वाटली.

"पाय लय दुखून राह्यले," मी म्हणालो. माझ्या परीनं ती विनवणीच होती.

"दुखतीनच. नागपूरले चांगले बूट घ्या. पुढं थंडी हाय, म्हणून स्वेटर आणलं."

"घरी कसं काय?"

"बरं हाय. शांत वाटते."

टोमणा नव्हता. खरं तेच सांगत होती.

डबा पिशवीत टाकून तिनं ऑटोला हात केला. आमच्याकडे निघताना बायासुद्धा "येतो"च म्हणतात. दळण आणायला गिरणीत जायचं असलं तरी ती "येतो" म्हणूनच निघायची. सव्वीस वर्षांत दुसरं काही ऐकलं नव्हतं.

"जातो मी," ती म्हणाली.

मी "बरं" म्हणालो आणि पुढं, उत्तरेकडं वडकीच्या रस्त्याला लागलो.