पहिलं उड्डाण

सेलूतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात मी कॉम्प्युटर चालवणारी नवीन डॉस प्रणाली टाकली आणि विमानाच्या खेळाची जॉयस्टिक चालेना. मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला आलेले एक वयस्कर गृहस्थ मागं उभे राहून बघत होते.

"जुन्यात काय व्हतं अन् नव्यात काय न्हाई, तेवढं बघा," ते म्हणाले.

जुन्या डॉसच्या फ्लॉपीतली, कॉम्प्युटर सुरू होताना वाचली जाणारी फाइल उघडली, तर जॉयस्टिक सुरू करणारी ओळ नव्या फाइलीत नव्हतीच. ती लिहून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. जॉयस्टिकची दांडी हलवताच पडद्यावरचं विमान वळलं. आनंदानं मी त्यांनाच खुर्चीत बसवलं.

त्यांनी धोतराला हात पुसून दांडी धरली. विमान धावपट्टीवरून उचललं, तसे तेही खुर्चीतून अर्धे उठले.

"हवाई दलात वीस वर्सं इमानं दुरुस्त केली," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "उडवायलोय आज पहिल्यांदा."